बिनतारीच्या पाठीमागची तार

भिवंडीत ‘हब’ या शब्दाला आज दोन अर्थ आहेत. मानकोली, राहनाळ, काल्हेर या बाजूला कुणाला ‘हब’ विचारलंत तर तो गोदामांच्या रांगांकडे बोट दाखवील. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवता यावा, म्हणून ही गोदामं इथं वाढली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट आणखी मोठी झाली. दुसरा अर्थ गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात ऐकू येतो. गिऱ्हाईक सांगतं, ‘घरी वाय-फायचा राउटर आहे, पण आतल्या खोलीत नेट पोचत नाही. कॉम्प्युटरला आणि टीव्हीला तार लावायची आहे. एक हब द्या.’ दुकानदार पाच पोर्टची लहानशी डबी काउंटरवर ठेवतो. तिच्यावर छापलेलं असतं ‘स्विच’. गिऱ्हाईकानं हब मागितला, दुकानदारानं हब म्हणूनच दिला, आणि हातात पडला तो हब नव्हेच.

वस्तू जाते आणि नाव राहतं, हे भाषेला नवं नाही. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. पण ‘तार आली’ म्हटलं की जुन्या माणसाच्या पोटात अजून गोळा येतो. हबचं मात्र नुसतं नाव उरलेलं नाही. त्या नावामागे पन्नास वर्षांचा एक इतिहास आहे, आणि तो आपल्या घरातल्या भिंतीपर्यंत येऊन पोचतो. घरात बिनतारी नेट आलं, आता तारेचं काम संपलं, असं आपण धरून चालतो. इतिहास वेगळं सांगतो. तार आणि बिनतारी यांनी एकमेकींना घराबाहेर काढलेलं नाही. जिथं एकीची ताकद संपली तिथं दुसरीनं ओझं उचललं. आणि दोघींपुढे प्रश्न एकच होता : वाट एक, चालणारे अनेक, तर पाळी कुणाची?

हा प्रश्न भिवंडीकराला समजावून सांगावा लागत नाही. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतली विणकर कुटुंबं आग्रा रोडनं दक्षिणेकडे सरकत आली. काही मालेगावला थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. हातमागाच्या जागी पुढे यंत्रमाग आले आणि त्यांच्या खडखडाटावर हे गाव पोसलं गेलं. साध्या मागाकडे नीट पाहा. ताण्याचे दोरे दोन भागांत वर-खाली होतात, मध्ये फट पडते, आणि त्या फटीतून धोटा बाण्याचा दोरा घेऊन पलीकडे जातो. एका वेळी एकच धोटा. दोन धोटे समोरासमोरून एकाच फटीत शिरले तर? दोघं आपटतील, ताणा तुटेल, माग बंद पडेल. कॉम्प्युटरच्या जाळ्यात नेमकी हीच अडचण आहे. एका तारेवर किंवा एका लहरीवर दोन यंत्रं एकदम बोलली की दोघांचंही बोलणं फुकट जातं. तंत्रज्ञ त्याला टक्कर म्हणतात.

आता रेडिओचं पाहा. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. रेडिओत ही टक्कर नाही, कारण बोलणारा एक आणि ऐकणारे हजारो. या क्षणी मी बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात. पण तुम्ही सगळेच याच लहरीवर एकदम बोलू लागलात, तर कुणाचाच शब्द कुणाच्या कानी पडणार नाही. सरकारलाही ही धास्ती होतीच. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानं बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगायलाच बंदी केली. हवेतली वाट सरकारच्या मालकीची. तीवरून कोण जाणार हे सरकार ठरवणार. पुढे बहात्तर वर्षांनी हा पहारा घरगुती वाय-फायपुरता उठला. ती गोष्ट पुढे येईलच.

सगळ्यांनी बोलायचं आणि तरीही टक्कर टाळायची, याची पहिली मोठी खटपट झाली ती तारेवर नव्हे, हवेत. हवाई हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा समूह. होनोलुलूच्या विद्यापीठात मोठा कॉम्प्युटर होता आणि त्यावर काम करू पाहणारी माणसं वेगवेगळ्या बेटांवर. नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये रेडिओ लहरींवर एक जाळं उभारलं. नाव ठेवलं ‘अलोहानेट’. अलोहा म्हणजे तिकडचा रामराम, सलाम. त्याचा नियम अगदी साधा होता. निरोप तयार झाला की पाठवून द्या. पोच आली तर ठीक. नाही आली तर टक्कर झाली असं समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. मात्र प्रत्येकानं किती थांबायचं हे नशिबावर सोडा. सगळे सारखंच थांबले तर पुन्हा एकदम निघतील आणि पुन्हा आपटतील. या साध्या पद्धतीत वाटेची फार तर १८ टक्के ताकद कामी येते, असं गणित निघालं. पण जाळं चाललं.

हे काम वाचून कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात एक तरुण विचार करू लागला. त्याचं नाव रॉबर्ट मेटकाफ. २२ मे १९७३ ला त्यानं एक टिपण लिहिलं. हवेतला हा नियम तारेवर आणायचा, आणि त्यात एक शहाणपण घालायचं : बोलण्याआधी ऐकायचं. तार मोकळी असेल तरच बोला. बोलताना टक्कर झाल्याचं कळलं तर लगेच गप्प व्हा. डेव्हिड बॉग्ज हा त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून सेकंदाला सुमारे ३० लाख बिट वाहून नेणारं जाळं चालवून दाखवलं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘इथरनेट’. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत की प्रकाश वाहून नेणारं ईथर नावाचं एक अदृश्य द्रव्य सगळीकडे भरलेलं आहे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी त्याचा शोध घेतला, पण त्यांना ते सापडलं नाही. विज्ञानानं टाकून दिलेलं ते नाव या दोघांनी उचललं आणि एका केबलला दिलं. कवीला हेवा वाटावा असं हे नामकरण आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते इतकंच : कॉम्प्युटरच्या या जाळ्याचा नियम आधी हवेत तयार झाला आणि मग तारेवर उतरला.

सुरुवातीची ती तार म्हणजे जाड केबल. एकच केबल सगळ्या खोल्यांतून फिरायची आणि प्रत्येक कॉम्प्युटर तिला चिकटायचा. केबल कुठंही तुटली, टोकाचं बूच ढिलं झालं, की सगळं जाळं आडवं. बिघाड शोधायला खोली-खोली हिंडावं लागे. यावर उपाय म्हणून १९९० मध्ये एक नवं प्रमाण मंजूर झालं. त्यात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र बारीक तार, आणि सगळ्या तारा मधल्या एका पेटीत. ती पेटी म्हणजे हब. चाकाच्या तुंब्यात जसे सगळे आरे येऊन मिळतात, तशी. एक तार तुटली तर तेवढाच एक आरा जायचा, चाक फिरत राहायचं.

ही बारीक तारही पाहण्याजोगी आहे. आजही नेटची केबल सोलून पाहिलीत तर आत आठ तारा दिसतील. दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विजेचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जातो. टेलिफोनसाठी ही युक्ती ग्रॅहम बेलनं १८८१ मध्येच काढली होती. सुताला पीळ दिला की ते ताण सोसतं, हे भिवंडीत पोरंसोरंही जाणतात. तांब्याला पीळ दिला की ते गोंगाट सोसतं.

हबमध्ये एक मोठी खोड होती. त्याला कुणाचा पत्ता कळत नसे. एका पोर्टातून निरोप आला की तो उरलेल्या सगळ्या पोर्टांतून जसाच्या तसा ओरडून सांगायचा. जुन्या चाळीतला सामाईक फोन आठवा. एकाचा फोन आला की सगळ्या मजल्यांवर हाळी, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. दोन-चार बिऱ्हाडं असतील तर चालतं. चाळीस झाली की भांडणं. हबवर कॉम्प्युटर वाढले की टकरा वाढत, आणि सगळ्यांच्या वाट्याला मिळून तेवढीच एक वाट.

हा गुंता सोडवणाऱ्या पेटीशी एका भारतीय स्त्रीचं नाव जोडलेलं आहे. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकानं लॅरी ब्लेअर या सहकाऱ्याबरोबर कॅलिफोर्नियात एक कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचं नाव दिलं : कल्पना. याच कल्पना कंपनीनं १९९० च्या सुमारास सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. स्विच पत्ता वाचतो. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टावर आहे हे तो लक्षात ठेवतो आणि निरोप ज्याचा त्यालाच देतो. इतरांना हाळी नाही. त्यामुळे एकीकडे दोघं बोलत असताना दुसरीकडे आणखी दोघं खुशाल बोलू शकतात. १९९४ मध्ये सिस्को या बड्या कंपनीनं कल्पना विकत घेतली. स्विच स्वस्त होत गेले, हब मागे पडले, आणि आज दुकानात खरा हब मागूनही मिळणं कठीण. आपल्या गोदामांतही हेच घडतं म्हणा ना : आलेला गठ्ठा पत्ता वाचून ज्या त्या गाडीत चढतो. म्हणजे मानकोलीचा ‘हब’ही कामानं स्विचच आहे.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई त्या पहिल्या मोजक्या शहरांपैकी एक. भिवंडी मुंबईच्या हाकेच्या अंतरावर. पण टेलिफोनच्या हिशेबात परगाव. मुंबईचा कोड ०२२, आमचा ०२५२२. नेट लावायचं म्हणजे मॉडेमनं फोन फिरवायचा, त्या कर्कश किंचाळ्या ऐकायच्या, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. पुढे नाक्यानाक्यावर सायबर कॅफे आले. एक जोडणी, एक हब किंवा स्विच, आणि प्लायवुडच्या खोक्यांत सात-आठ कॉम्प्युटर. घरोघरी टीव्हीची केबल पोचवणाऱ्यांनी तर याच डब्या गच्च्यांवर चढवल्या. या इमारतीवरून त्या इमारतीवर तार टाकायची, पाण्याच्या टाकीखाली पत्र्याच्या खोक्यात स्विच ठेवायचा आणि तिथून घरोघरी नेट. पावसाळ्यात वीज कडाडली की डब्या जळायच्या आणि दोन दिवस मोहल्ला गप्प.

सरकारनं २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं. सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, असं त्यात धरलं होतं. आज तो आकडा वाचून पोरं हसतात. पण आपल्या गोष्टीत खरा वळणाचा महिना म्हणजे जानेवारी २००५. त्या महिन्यात सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला. मघाशी सांगितलेला १९३३ चा पहारा वाय-फायपुरता उठला तो इथं. अमेरिकेनं हे पट्टे १९८५ मध्येच खुले केले होते. मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारखी यंत्रं वापरतात तो हा पट्टा, परवानाधारकांच्या दृष्टीनं जवळजवळ टाकाऊ. वाय-फायचं पहिलं प्रमाण १९९७ चं, सेकंदाला २० लाख बिटांचं. दोनच वर्षांत ते १ कोटी १० लाखांवर गेलं. टाकाऊ समजलेल्या जागेवर किती मोठी वस्ती झाली, हे आपण पाहतोच आहोत.

तारेवरच्या जाळ्यात हब जाऊन स्विच आला आणि टकरा संपल्या. पण घरात वाय-फायचा राउटर लावला तेव्हा आपण काय केलं? हवेत पुन्हा एक हब टांगला. राउटरची हवा सामाईक असते. त्या चॅनेलवर मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, दाराचा कॅमेरा सगळे आळीपाळीनं बोलतात. बरं, तुमच्याच घरातले नव्हे. शांतीनगरसारख्या दाट वस्तीत मोबाईल उघडून पाहा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची दहा-वीस नावं दिसतील. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं साधारण तीनच. म्हणजे शेजारच्याची फिल्म आणि तुमच्या मुलाचा तास एकाच फटीतले धोटे. नव्या राउटरांनी ५ गिगाहर्ट्झची रुंद वाट घेतली, एकाच वेळी चौघांशी बोलण्याच्या युक्त्या काढल्या. गर्दी हलकी झाली, पण हवा सामाईकच राहिली. शिवाय ५ ची लहर भिंतीपुढे लवकर हार मानते. सळयांचा स्लॅब, पत्र्याचा पोटमाळा, पाण्याची टाकी हे तिचे जुने वैरी.

आता राउटर घरात कुठं बसतो ते पाहा. फायबर किंवा केबल दारातून आत येते, म्हणून तो बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर. बैठक कुणाची? पाहुण्यांची, टीव्हीची, घरातल्या थोरल्या पुरुषांची. अभ्यासाची पोरं, विशेषतः मुली, असतात आतल्या खोलीत किंवा स्वयंपाकघराला लागून. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले, शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा हे उघड्यावर आलं. वाय-फाय आहे असं सांगणाऱ्या घरातही ते कुणापर्यंत पोचतं, हा निराळाच प्रश्न होता. माझ्या नात्यातल्या एका घरी बारावीची मुलगी चार महिने जिन्याच्या पायरीवर बसून तास ऐकत होती, कारण राउटरची लहर त्या पायरीपर्यंत यायची आणि पुढे नाही. घरच्यांनी महागडा प्लॅन घेतला. वेग वाढला तो बैठकीतला. पायरी तिथंच राहिली.

इलाज अखेर तारेनंच झाला. त्या घरातल्या मुलानं पाच पोर्टचा स्विच आणला. राउटरच्या मागं ‘लॅन’ लिहिलेले पोर्ट असतात, त्यांतल्या एकातून एक केबल स्विचच्या कोणत्याही पोर्टात. स्विचला काही शिकवावं लागत नाही, सेटिंग नाही, पासवर्ड नाही. तो लावताक्षणी पत्ते ओळखू लागतो. तिथून एक तार टीव्हीला, एक जुन्या कॉम्प्युटरला, आणि एक दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत, मुलीच्या टेबलापर्यंत. केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. घरात ती दहा-पंधरा मीटरही लागत नाही. फक्त विजेच्या तारेच्या पाइपातून ती नेऊ नये. आतल्या खोलीत जुना राउटरही जोडता येतो. तारेची टोकं त्याच्याही ‘लॅन’ पोर्टातच लावायची आणि घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, त्याच्याकडून काढून मुख्य राउटरकडे ठेवायचं. पत्ते वाटणारे दोन झाले की घोळ ठरलेला.

यात एक गंमत अशी की मुलीच्या टेबलावर तार गेली आणि बैठकीतलं वाय-फायही सुधारलं. टीव्ही आणि कॉम्प्युटर हवेतून उठून तारेवर गेले. मोबाईलना तेवढी हवा मोकळी झाली. जड गठ्ठे तारेनं न्यावेत आणि हिंडतं-फिरतं ते हवेनं, हा विभागणीचा शहाणपणा मोठमोठ्या कंपन्याही पाळतात. मोबाईलच्या टॉवरवरची लहर फार तर काही किलोमीटर जाते; पुढचा प्रवास अनेक ठिकाणी फायबरनं, म्हणजे काचेच्या तारेनं. आणि घरी येणाऱ्या फायबरमध्येही जुना हब दडलेला आहे. कंपनीकडून निघालेला एक धागा वाटेत फोडून अनेक घरांना देतात. येणारा मजकूर गुप्त कुलूप लावून सगळ्यांकडे जातो, आपली पेटी आपला तेवढा उघडते. आणि जाणारा मजकूर मात्र आखून दिलेल्या पाळीनं जातो.

पन्नास वर्षं फिरून माणूस पुन्हा पाळीपाशीच येतो. हवाईच्या बेटांवर पाळी नशिबावर सोडली होती, इथरनेटनं ती कानावर सोडली, हबनं सगळ्यांना एका चौकात आणलं, स्विचनं प्रत्येकाला आपलं दार दिलं. १९३३ च्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला. यंत्रं बदलतील, कायदे बदलतील. वाटा वाढल्या तरी त्या कुणाच्या दारापर्यंत न्यायच्या, हे मात्र कोणतंही यंत्र ठरवत नाही. ते घरातली माणसं ठरवतात. म्हणून पुढच्या वेळी नेट हळू चालतं म्हणून मोठा प्लॅन घ्यायला निघाल, तेव्हा आधी घरातून एक फेरी मारा. राउटर कुठं आहे, त्याच्यासमोर कोण बसतं, आणि त्याच्या लहरीच्या पलीकडे कोण बसतं, ते पाहा. मग दुकानात जाऊन हब मागा. दुकानदार स्विच देईल. तो घ्या, आणि त्याची पहिली तार सगळ्यात आतल्या खोलीत न्या.